उच्चार चुकला, की हसणं चुकलं?

पत्र (थोडक्यात, ओळख लपवून):

मी एका कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते. आमची टीम ऑनलाइन, वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या धर्मांची. मागच्या महिन्यात मला 'जगातले धर्म आणि कामाच्या ठिकाणी घ्यायची काळजी' असं अर्ध्या तासाचं सेशन इंग्लिशमध्ये घ्यायला सांगितलं. तयारी भरपूर केली होती, पण बोलताना इस्लामचं 'इझ्लाम' झालं, सिख हा शब्द एकदा 'सीक' आणि एकदा 'शीख' असा आला, आणि झोरोॲस्ट्रियनपाशी, म्हणजे पारशी लोकांच्या धर्माच्या इंग्लिश नावापाशी, तर जीभच अडकली, तीनदा ट्राय केलं आणि मग हसून 'जाऊ दे, तुम्हाला कळलंय मला काय म्हणायचंय' असं म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. संध्याकाळी एका ज्युनिअर मुलाचा मेसेज आला की धर्माचं नाव चुकीचं उच्चारणं हा त्या लोकांचा अपमान आहे, आणि तुम्ही हा विषय शिकवताना तर हे अजिबात चालणार नाही. तो स्वतः यातल्या कुठल्याच धर्माचा नाही. टीममधली एक मुलगी मुस्लीम आहे, ती काहीच बोलली नाही. एक पारशी मॅडम आहेत, त्यांचा कॅमेरा नंतर बंद झाला, पण नेट स्लो असेल. तेव्हापासून मी धर्मांची नावं घ्यायचंच टाळते, 'तुमच्यात', 'त्यांच्यात' असं बोलून वेळ मारून नेते. बाहेरचे सहकारी 'हिंडू', 'बुडिस्ट' म्हणतात तेव्हा मला तर कधी राग आला नाही, मग मी एवढी गुन्हेगार कशी? सगळ्यांना माफीचा मेल टाकू का? की प्रत्येक नावाचा मूळ भाषेतला उच्चार शिकत बसू?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं प्रश्न उच्चाराचाच आहे, इझ्लाम की इस्लाम, सीक की सिख, आणि मनातल्या मनात उत्तर तयार पण झालं होतं की अहो चालतंय, जीभ आहे, घसरते. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यावर अडले. 'हसून पुढच्या स्लाइडवर गेले.' त्याच्याकडे येतेच, पण आधी उच्चाराचं बघू, कारण त्या मुलाने जे छातीठोकपणे सांगितलंय ते मला तितकंसं पटलेलं नाही.

चुकीचा उच्चार म्हणजे अपमान असं म्हणायचं तर आधी बरोबर उच्चार कोणता ते ठरवावं लागेल ना, आणि सगळी गंमत तिथेच आहे. 'हिंदू' हाच शब्द घ्या. मूळ नदीचं नाव सिंधू. जुन्या इराणी भाषांमध्ये आपल्या स च्या जागी ह यायचा, म्हणून अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, सप्तसिंधूचं 'हप्त हिंदु' होतं, आणि इराणी सम्राट पहिल्या दरायसच्या शिलालेखांत, म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी, 'हिंदुश' हे एका प्रांताचं नाव म्हणून येतं. धर्माचं नाव म्हणून हा शब्द वापरात आला तो फार नंतर. ग्रीकांनी तर तो ह सुद्धा गिळला आणि 'इंडोस' केलं, त्यातून पुढे इंडिया. म्हणजे ज्या नावाचं कोणी 'हिंडू' केलं तर राग यावा की नाही असा तुम्हाला प्रश्न पडलाय, ते नावच दुसऱ्यांच्या जिभेवर घडलेलं आहे, आणि आज करोडो लोक ते अभिमानाने लावतात.

आणि तुम्ही जिथे अडकलात त्या झोरोॲस्ट्रियनची गोष्ट तर अजून भारी. त्या धर्माच्या प्रेषितांचं नाव जरथुश्त्र. त्यातला 'उश्त्र' म्हणजे उंट, संस्कृतमधला उष्ट्र तोच. ग्रीकांनी ऐकून त्याचं केलं 'झोरोॲस्ट्रेस', बहुतेक त्यांच्या कानाला त्यात तारा ऐकू आला असावा, त्यांच्या भाषेत ताऱ्याला 'ॲस्टर' म्हणतात. उंटाचा तारा झाला बघा. आणि तोच ग्रीक घोटाळा इंग्लिशमध्ये आज अधिकृत नाव म्हणून छापला जातो. म्हणजे तुम्ही ज्या शब्दाला अडखळलात तो आधीच एकदा अडखळून झालेला शब्द आहे! (हे त्या मॅडमना जाऊन सांगू नका हं, निदान लगेच तरी नको.)

ज्यू शब्दाचं तेच. हिब्रूत 'येहूदी', ग्रीकमध्ये 'युदायोस', मग लॅटिन, मग जुनी फ्रेंच, आणि एवढा प्रवास करून इंग्लिशमध्ये शेवटी उरलं ते एक अक्षर, ज्यू. आपलं मराठीतलं 'यहुदी' त्यामानाने मुळाच्या कितीतरी जवळ आहे. येशूंचं बघा, हिब्रू-अरामी वळणाचं येशुआ, ग्रीकमध्ये येसूस, इंग्लिशमध्ये जीझस, स्पॅनिशमध्ये हेसूस, आणि मुसलमान ज्यांना ईसा म्हणतात ते हेच. यातला कुठला उच्चार अपमान आहे? स्पॅनिश बोलणारा ख्रिस्ती माणूस दिवसातून दहा वेळा हेसूस म्हणतो ते भक्तीनेच म्हणतो ना.

बरं, एका धर्माच्या आत तरी एकच उच्चार असतो का, तर तेही नाही. उपवासाचा महिना अरबी बोलणारे रमदान म्हणतात, फारसी-उर्दूच्या वळणाने वाढलेले रमझान म्हणतात, कारण अरबीतलं ते एक अक्षर फारसीत झ होऊन जातं. दोघंही मुसलमान, दोघंही तेच रोजे ठेवणारे, आणि यातला शुद्ध कोणता यावर त्यांच्यातच वाद होतात. जैन शब्द आपण मराठीत 'जइन' च्या जवळ म्हणतो, हिंदीवाले 'जॅन' च्या जवळ, आणि दोन्हीकडे जैन लोक राहतात. कुराण तर आपण थेट ण लावून म्हणतो, अरबीत ण नावाचा आवाजच नाही, पुराणाच्या शेजारी बसून बसून आपल्या जिभेने तो लावला की काय देव जाणे, पण 'कुराण' म्हणणाऱ्या मराठी माणसाने अपमान केला असं मी तरी कधी ऐकलं नाही. चीनमधल्या ताओ धर्मातला 'ताओ' हा मुळात 'दाओ' च्या जवळचा आवाज, जुन्या रोमन लेखनपद्धतीत तो टी ने लिहायचे म्हणून जगभर ताओ झाला. आणि जपानच्या शिंतो धर्माच्या नावातला 'तो' म्हणजे तेच चिनी अक्षर, अर्थ मार्ग. एकच अक्षर, दोन धर्म, तीन उच्चार. असो. मी वाहवत चालले.

सांगायचं काय तर, तुम्ही मराठीत बोलताना शीख म्हणा, ख्रिस्ती म्हणा, यहुदी म्हणा, खुशाल म्हणा. ती आपल्या भाषेतली त्या धर्मांची नावं आहेत, चुकलेले उच्चार नाहीत. जसं जर्मन लोक स्वतःला डॉइच म्हणतात आणि आपण जर्मन म्हणतो, कोणी भांडत नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्या भाषेत, मिसळ लोकांसमोर, आणि त्यातही ज्यांचं नाव आहे ती माणसं समोर बसलेली असताना. तिथे थोडे जास्त कष्ट घ्यायला हवेत हे मान्य.

पण कष्ट घेतले तरी जीभ किती वळेल याला मर्यादा आहे, ते पण सांगते म्हणजे तुमच्या छातीवरचं थोडं ओझं कमी होईल. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी कॅनडात लहान बाळांवर एक प्रयोग केला होता, आपल्या त आणि ट मधला फरक इंग्लिश घरातल्या बाळांना कळतो का असा. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो सहज कळत होता. वर्षाची होत आली की कळेनासा होत होता, कारण घरात तो फरक कोणी करतच नव्हतं. म्हणजे तुमचा सहकारी 'हिंडू' म्हणतो तो मुद्दाम नाही, त्याच्या कानातला तो दरवाजा पहिल्या वाढदिवसाच्या आधीच लोटला गेलाय. प्रॅक्टिसने उघडतो थोडा, नाही असं नाही, पण एका सेशनच्या तयारीत नाही उघडत. आपल्या कानातले पण असे कितीतरी दरवाजे बंद आहेत, अरबीतले दोन वेगवेगळे स आपल्याला एकसारखेच ऐकू येतात.

आणि उच्चारावरून माणूस तोलायची सवय किती वाईट वळणावर जाते ते बायबलच्या जुन्या करारातच आहे, 'शास्ते' नावाच्या पुस्तकात. लढाईत हरलेले एफ्राइमी लोक नदी ओलांडून पळत होते, गिलादच्या लोकांनी उतार अडवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द म्हणायला लावला, 'शिब्बोलेथ'. एफ्राइमींना श म्हणता यायचा नाही, ते 'सिब्बोलेथ' म्हणायचे. जो स म्हणाला त्याला तिथेच मारला. बेचाळीस हजार मेले असं तिथे लिहिलंय. एका श साठी! आपण मराठी लोकांनी यावर फार आश्चर्य दाखवू नये, कारण 'आनि' आणि 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसणारे, 'साळा' म्हणणाऱ्याला नाक मुरडणारे आपणच. तेव्हा तलवार नसते हातात, पण त्या पोराचं तोंड वर्षभर बंद होतं ते होतंच. म्हणून शुद्ध उच्चाराचा आग्रह दिसला की मी जरा सावध होते, त्यात आदर किती आणि मी तुझ्यापेक्षा वरचा हे दाखवणं किती, ते बघायला लागतं.

म्हणजे उच्चाराने काहीच फरक पडत नाही का, तर तसंही नाही. फरक पडतो, पण तो जिभेच्या घसरण्यात नसतो. कोणी मुद्दाम नाव वाकडं करतं, ऑनलाइन तर एकेका धर्माच्या नावाचं काय काय करून लिहितात तुम्हाला माहितीये, मी इथे लिहीत नाही, त्यांना प्रसिद्धी कशाला. त्यांना बरोबर उच्चार येत असतो, येत असतो म्हणूनच तर ते वाकडं करू शकतात. ते शंभर टक्के अपमान. दुसरं म्हणजे सांगून झालं, दोनदा सांगून झालं, पाच वर्षं शेजारच्या डेस्कवर बसतोय आणि तरीही 'तुमचं ते काय ते' चालूच आहे. यात द्वेष नसेलही, पण 'तुझ्यासाठी मी एवढेही कष्ट घेणार नाही' हा निरोप पोचतो. ॲझिथ्रोमायसिन म्हणता येतं ना आपल्याला? गोळी हवी असते म्हणून येतं. झोरोॲस्ट्रियन त्यापेक्षा अवघड नाही.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ज्याच्याकडे तुमच्या त्या ज्युनिअरचं लक्षच गेलेलं नाही, ते म्हणजे उच्चार एकदम परफेक्ट आणि शब्दच चुकीचा. 'मोहमेडन' बघा. इंग्लिशमध्ये मुसलमानांना हा शब्द सर्रास वापरायचे. आक्षेप उच्चाराला नव्हता, आक्षेप असा की ख्राइस्टवरून ख्रिश्चन तसं मोहम्मदांवरून मोहमेडन केलं की वाटतं हे लोक त्यांची पूजा करतात, आणि इस्लाममध्ये तर पूजा फक्त अल्लाची. मजा म्हणजे एकेकाळी मुसलमान स्वतःसुद्धा इंग्लिशमध्ये हा शब्द वापरायचे, सर सय्यद अहमद खानांच्या कॉलेजचं नाव मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज होतं, १९२० मध्ये त्याचं अलीगढ मुस्लीम विद्यापीठ झालं. कोलकात्याच्या एका जुन्या फुटबॉल क्लबच्या नावात तर तो शब्द अजून आहे. पण आज कोणी समोरच्या माणसाला मोहमेडन म्हटलं तर खटकेल. तसंच 'बौद्ध' ला 'नवबौद्ध' म्हणणं. अक्षर न् अक्षर शुद्ध, पण त्या 'नव' मधून तुम्ही कालचे, तुम्ही खरे नाही असा वास येतो म्हणून अनेक बौद्ध लोकांना तो शब्द नको असतो. आता तिकडे कोणी इंग्लिशमध्ये 'बुडिस्ट' म्हटलं तर त्याच लोकांना काही वाटत नाही.

माझीच फजिती सांगते. बहाई धर्माच्या एका ओळखीच्या बाईंशी बोलताना मी उच्चार फार जपून करत होते, मधला तो हलका थांबा घेऊन वगैरे, आणि त्याच वाक्यात म्हणाले, 'इस्लाममधला हा पंथ मला फार आवडतो.' त्या हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, आमचा वेगळा धर्म आहे, पंथ नाही, उच्चार कसाही करा, पण हे तेवढं लक्षात ठेवा. बहाई धर्म एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये सुरू झाला, त्याचे स्वतःचे प्रेषित आहेत, स्वतःचे ग्रंथ आहेत, आणि मी त्याला कोणाच्या तरी पोटात घालून मोकळी झाले होते. उच्चाराच्या परीक्षेत पास, बाकी सगळ्यात नापास.

नावाबद्दलची इच्छा बदलते पण, हे लक्षात असू द्या. अमेरिकेत सुरू झालेल्या एका चर्चच्या मॉर्मन लोकांचंच बघा, त्यांच्या चर्चने काही वर्षांपूर्वी 'मी मॉर्मन आहे' अशी जाहिरात मोहीम स्वतः चालवली होती, आणि मग २०१८ मध्ये त्यांचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की हे टोपणनाव नको, पूर्ण नाव घ्या, त्यात येशू ख्रिस्ताचं नाव आहे ते गाळू नका. उलट क्वेकर या इंग्लंडमधल्या ख्रिस्ती पंथाचं हे नाव १६५० मध्ये चेष्टेनेच पडलं, थरथरणारे लोक म्हणून, आणि त्यांनी ते आपलंसं करून टाकलं. तेव्हा पाठ केलेली यादी कायमची चालत नाही, मध्येच विचारावं लागतं.

आता तुमच्या सेशनकडे.

इझ्लाम. ताई, तुम्ही मराठीत काय म्हणता? इस्लाम. स्वच्छ स. म्हणजे घरची जीभ बरोबर होती, मीटिंगच्या जिभेने घात केला! इंग्लिश बोलताना इंग्लिशवाल्यांसारखा झ लावला की जास्त बरोबर वाटतं आपल्याला, पण इथे उलटं आहे. लक्षात ठेवायला सोपं आहे, सलाम, इस्लाम, मुस्लीम हे तिन्ही शब्द एकाच स-ल-म मधून आलेत, सलाममध्ये झ नाही तर बाकी दोघांत पण नाही. अरबीत 'मुझ्लिम' सारखा ऐकू येणारा वेगळाच एक शब्द आहे, अर्थ अंधारलेला, त्यामुळे अरबी येणाऱ्याला तो झ जरा टोचतो. पण तुम्हाला तेच म्हणायचं होतं असं कोणी समजत नाही.

सिख मध्ये इ ऱ्हस्व आणि ख ठसठशीत, पंजाबीत तर जवळजवळ 'सिक्ख'. अर्थ शिष्य, शिकणारा. इंग्लिश 'सीक' ऐकून अनेक सिखांना आता सवय झालीये, तरी कोणी जवळून 'सिख' म्हटलं की त्यांना बरं वाटतं. तुम्ही एकदा सीक आणि एकदा शीख म्हणालात त्यात अपमान नाही, फार तर गोंधळ दिसला.

राहिलं झोरोॲस्ट्रियन. आणि ते हसणं.

तुम्ही लिहिलंय की उच्चार चुकला. मला वाटतं उच्चार चुकला तोवर काहीही बिघडलेलं नव्हतं. तीनदा ट्राय केलंत ते तर छानच. बिघडलं ते नंतर, जेव्हा तुम्ही हसलात आणि 'जाऊ दे' म्हणालात. तुम्ही स्वतःवर हसलात हे मला कळतंय, लाज वाटली की आपण सगळेच हसतो, मी तर जास्तच हसते. पण पलीकडून बघा. बाकी सगळ्यांची नावं कशीबशी का होईना पूर्ण झाली, आपल्यापाशी आल्यावर हशा झाला आणि स्लाइड पुढे गेली. त्यात त्यांचा धर्म जगात अगदी थोड्या लोकांचा, म्हणजे आधीच 'इतर' मध्ये जाणारा. आपल्या नावावर कोणीतरी हसतंय हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं नसणार. कॅमेरा नेटमुळे बंद झाला असेलही, मी काही ज्योतिषी नाही. पण तुम्ही ती गोष्ट पत्रात लिहिलीत, म्हणजे तुमच्याही मनात ती अडकलीये.

तुम्ही विचारलंय की 'हिंडू' ऐकून मला राग येत नाही मग त्यांना का यावा. तुम्हाला राग येत नाही ही चांगली गोष्ट आहे, पण एकदा स्वतःला विचारा की का येत नाही. तुमच्या आजूबाजूला तुमच्या धर्माचे भरपूर लोक आहेत, नाव बरोबर घेणारे आहेत, एखाद्याने ड म्हटलं तर तुमचं काय जातं. जो माणूस खोलीत एकटाच त्या धर्माचा आहे, ज्याला धर्मावरून आधी टोमणे ऐकावे लागलेत, त्याला तोच ड वेगळा ऐकू येतो. चूक तेवढीच, पण पडते कुठे त्यावर दुखणं ठरतं. ठणठणीत पायावर पाय पडला तर आपण सॉरी पण ऐकत नाही, सुजलेल्यावर पडला तर कळवळतो.

आणि तो मेसेज पाठवणारा मुलगा. त्याच्यावर चिडू नका. त्याला काहीतरी खटकलं आणि त्याने तुम्हाला एकट्यात लिहिलं, ग्रुपवर नाही, हे त्याचं शहाणपण. फक्त दुसऱ्यांच्या वतीने 'अपमान झाला' असं जाहीर करायचा हक्क त्याला कोणी दिलेला नाही. तसंच ती मुस्लीम मुलगी काही बोलली नाही यावरून तिला वाईट वाटलं असाही अर्थ काढू नका आणि तिला सगळं चाललं असाही नको. तिच्या मागे लागून 'तुला राग आला का गं' असं विचारू नका, नाहीतर तिला तुमची समजूत काढत बसावं लागेल, म्हणजे परत काम तिलाच.

तुम्ही आता जे करताय ना, 'तुमच्यात', 'त्यांच्यात', ते मात्र आजच थांबवा. इझ्लाम म्हणणं परवडलं. नाव न घेतलेला माणूस 'ते लोक' होऊन जातो, आणि ट्रेनिंग देणाऱ्या बाईच्या तोंडून 'ते लोक' ऐकणं एखाद्या वाकड्या उच्चारापेक्षा कितीतरी जास्त परकं करणारं आहे. चुकण्याच्या भीतीने नाव गिळणं यात तुम्ही सुरक्षित राहता, समोरचा नाही राहत.

सगळ्यांना माफीचा मेल? नको. वीस जणांच्या इनबॉक्समध्ये 'माझ्याकडून धर्मांचा अपमान झाला' असा मेल जाणार, मग त्यावर वीस जण नाही नाही, तुम्ही खूप छान बोललात असं लिहिणार, आणि त्या पारशी मॅडमनाही त्यात लिहावं लागणार. म्हणजे हसलात तुम्ही आणि धीर द्यायचा त्यांनी. असे मेल बहुतेक वेळा पाठवणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असतात, वाईट वाटून घेऊ नका पण तुमच्या पत्रातही मला तो सूर थोडा लागला, त्या लोकांना काय वाटलं यापेक्षा आपली प्रतिमा काय झाली याचा.

मूळ भाषेतले उच्चार शिकायचे का? हौस असेल तर शिका, छान छंद आहे, पण त्याची अट घालू नका स्वतःला. पुढच्या सेशनआधी फक्त एवढं करा की जी नावं येणार आहेत ती त्या त्या धर्माच्या माणसांच्या तोंडून एकदा ऐका, त्यांची भाषणं, मुलाखती व्हिडिओवर ढिगाने आहेत, डिक्शनरीतला मशीनचा आवाज नको, तो बहुतेक वेळा त्या डिक्शनरीच्या देशाचा उच्चार सांगतो. मोठं नाव तुकडे करून कागदावर देवनागरीत लिहून ठेवा, झो-रो-ॲस्-ट्रि-यन, आपल्या लिपीचा हा फायदा आहे, इंग्लिश स्पेलिंगकडे बघून कोणाला काही कळत नाही. आणि मोठ्याने म्हणा, मनात नाही, मनात सगळ्यांनाच येतं.

तरीही अडकलात तर थांबा. हसू नका, 'जाऊ दे' म्हणू नका. 'हे नाव मला नीट घ्यायचंय, एक सेकंद' एवढं म्हणा आणि परत घ्या, कोणी सांगितलं तर त्यांच्यामागून एकदा म्हणा, थँक्स म्हणा, पुढे चला. पाच मिनिटं सॉरी सॉरी करत बसलात की सगळं सेशन तुमच्याबद्दलचं होऊन जातं. आणि उद्या दुसरा कोणी तुमच्यासमोर चुकला तर त्यालाही एकट्यात, एकदाच सांगा, तेही बरोबर काय ते सांगा, तू अपमान केलास हे नको. घरातली म्हातारी माणसं असतील तर मी बहुतेक वेळा सोडूनच देते, आयुष्यभर प्रेमाने चुकीचं म्हणणारी असतात काही, त्यांच्या जिभेला आता शाळेत घालून काय मिळणार. अर्थात प्रेमाने म्हणत असतील तर. शिवीसारखं म्हणत असतील तर वय बघत नाही मी.

एक माफी मात्र तुम्हाला मागायची आहे, एकाच माणसाची. पारशी मॅडमना दोन ओळी लिहा. मी तुमच्या जागी असते तर अशा लिहिल्या असत्या: 'मॅडम, त्या दिवशी तुमच्या धर्माचं नाव मला नीट घेता आलं नाही आणि मी हसून पुढे गेले. ते बरोबर नव्हतं, सॉरी. पुढच्या वेळी ती स्लाइड नीट घेईन. आणि तुम्ही स्वतः कोणता शब्द वापरता, झोरोॲस्ट्रियन, जरथोस्ती की पारशी, तेही सांगाल का, मी तोच घेईन.' बस. नेट स्लो होतं, मी नर्व्हस होते, यातलं काही घालू नका. उच्चार चुकला म्हणून माफी नाही, हसले म्हणून आहे, ते त्यांना वाचताना कळेल.

शेवटचा तो प्रश्न नुसता शिष्टाचार म्हणून टाकू नका, त्याचं उत्तर खरंच लागणार आहे तुम्हाला. त्यांनी 'पारशी' म्हणा असं सांगितलं तर मग स्लाइडवर काय ठेवायचं ते बघावं लागेल, कारण इराणमध्येही त्याच धर्माचे लोक आहेत आणि ते पारशी नाहीत. तेव्हा ती स्लाइड आत्ताच फायनल करू नका. कदाचित त्या लगेच उत्तर देणार नाहीत, किंवा नुसता अंगठा येईल. आला तर परत विचारू नका, सेशनमध्ये तिन्ही नावं घ्या, सावकाश.